एक्केचाळीस टक्के शिल्लक

६ फेब्रुवारी

चिरंजीव,

आशीर्वाद आहेतच, आणि रागही आहे. दोन्ही एकाच पाकिटात घातलेत, तुला हवं ते आधी काढ.

माझा फोन तू उचलत नाहीस याला येत्या जूनमध्ये तीन वर्षं होतील. दर रविवारी बाबांशी बोलतोस आणि मागून माझा आवाज आला की ‘नंतर करतो’ म्हणून ठेवून देतोस. माझे कान अजून शाबूत आहेत. म्हणून पत्र. ते उचलावं लागत नाही, आपोआप दारात येऊन पडतं.

काम आहे. घराचं नाही, तुझ्या पॅकचं. बाबांच्या ऑक्सिजनच्या मशीनसाठी तू दीड वर्षापूर्वी तुमच्या कंपनीचा जो पांढरा बॅटरी पॅक पाठवलास, तो दगा देतोय. इथे रस्त्यावरच्या तारा बदलायचं काम चाललंय, त्यामुळे दिवसाआड दुपारी दोन-तीन तास वीज नसते. पहिल्या वर्षी पॅक चांगला चार तास चालायचा. मी बाबांना म्हटलंही होतं, पोरगा बोलत नसला तरी त्याचं काम बोलतंय. आता तो सव्वादोन तासांतच बंद पडला. आणि सांगून-सवरून नाही. तीस जानेवारीला मोबाइलवर एक्केचाळीस टक्के शिल्लक दिसत असताना तो एकदम गप झाला. शिटी नाही, लाल दिवा नाही. मशीन थांबलं.

तुमच्या मदत केंद्राला चार वेळा फोन केला. तिथली मुलगी गोड बोलते. ‘एकदा बंद करून पुन्हा चालू करा’ म्हणते.

म्हणून तुलाच विचारते. आतल्या आठ सेलचं व्होल्टेज वेगवेगळं कुठे पाहायला मिळतं? मोबाइलवर नुसती टक्केवारी दिसते. आणि तुमचं बॅलन्सिंग किती व्होल्टला सुरू होतं?

आईला बॅलन्सिंग कुठून कळलं म्हणून हसू नकोस. टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये मी एकोणतीस वर्षं काढली आहेत. तुझ्या लहानपणी माझ्या कपड्यांना जी भोकं असायची ती आम्लाची होती, उंदरांची नव्हती. शिशाचे चोवीस सेल एका रांगेत, प्रत्येकाचा आकडा रोज सकाळी वहीत. एखादा मागे पडला की त्याला वर आणल्याशिवाय घरी जायचं नाही. तुमचं लिथियम नवं असेल, रांगेत बसवलेल्या सेलचा स्वभाव जुनाच आहे.

बाबा ठीक आहेत. घसा बसलाय, बोलायचा कंटाळा करतात. या रविवारी फोन करू नकोस.

रागाने लिहिलंस तरी चालेल, पण आकडे बरोबर लिही.

आई


१८ फेब्रुवारी

चिरंजीव,

तुझं उत्तर पोचलं. बाबांच्या मोबाइलवर, चार ओळींत. ‘आईला सांगा, पॅक उघडू नकोस. वॉरंटी जाईल. टक्केवारी हा अंदाज असतो. दुसरा पॅक पाठवायची व्यवस्था करतो.’ मी दोन प्रश्न विचारले होते, उत्तर एकाचंही नाही. शाळेतही तू असाच. येत नसलेल्या प्रश्नासमोर सुंदर अक्षरात भलतंच काहीतरी लिहून यायचास.

पॅक मी उघडलाय. तुझा निरोप यायच्या आधीच. निरोप आधी आला असता तरी उघडलाच असता.

घाबरू नकोस. वीज होती, मशीन भिंतीच्या प्लगवर चालू होतं, हातातल्या बांगड्या आणि घड्याळ काढून ठेवलं होतं, पेचकसाच्या दांडीला टोकापर्यंत चिकटपट्टी गुंडाळली होती. मीटर मागच्या गल्लीतल्या फोरमनकडून आणला. फोरमन म्हणजे बाई आहे, तिशीतली. विजेच्या स्कूटर दुरुस्त करते. चार पुरुष तिच्या हाताखाली काम करतात म्हणून सगळी गल्ली तिला फोरमन म्हणते. ती आधी म्हणाली, ‘मावशी, हे तुमचं काम नाही.’ मी विचारलं, ‘तू हे दुकान काढलंस तेव्हा तुला किती जण असं म्हणाले?’ तिने बोटं मोजल्यासारखं केलं आणि मीटर काढून दिला.

चार्जिंग पूर्ण झाल्यावर मोजलं. सात सेल ३.३८ व्होल्ट, सहावा ३.३४. वरवर पाहणारा म्हणेल, सगळं छान आहे. पण या सेलची गंमत तुला माहीत आहे. अर्धा भरलेला आणि पाऊण भरलेला, दोघांचे आकडे जवळपास सारखेच. खरं काय ते अगदी शेवटी कळतं. म्हणून दुसऱ्या दिवशी पॅकला मशीनऐवजी खोलीतला हीटर लावला, बारीक करून, आणि पॅक रिकामा करत नेला. दर दहा मिनिटांनी आठही सेल मोजले. दोन तासांनी सात सेल ३.२२ वर आरामात बसलेले. सहावा ३.०५. पाच मिनिटांनी २.८०. मग त्याने तळ गाठला आणि पॅकने जळायला नको म्हणून स्वतःच सगळी वाट बंद केली. मोबाइलवर तेव्हा बेचाळीस टक्के होते.

म्हणजे टक्के अगदीच खोटे नव्हते. सात जणांकडे खरोखरच शिल्लक होती. पण रांगेतला एक रिकामा झाला की बाकीच्यांच्या पोटातलं कुणाच्या कामी येत नाही.

आता यात काही खोल अर्थ शोधत बसू नकोस. मी आपल्या घराबद्दल बोलत नाहीये. सेलबद्दलच बोलतेय.

सूनबाईचा फोन आला होता. ‘आई, ते फार कामात आहेत, जरा समजून घ्या.’ म्हटलं, समजून घ्यायचंच काम चाललंय, त्याला फक्त एक आकडा पाठवायला सांग. ती म्हणाली, ‘तुम्ही दोघं एकाच मातीचे आहात.’ हे तिने कौतुकाने म्हटलं नाही, पण मी तसंच घेतलं.

बाबा आता खुर्चीत बसतात. परवा जिन्यापर्यंत चालत गेले.

आई


३ मार्च

चिरंजीव,

तुझा आकडा मला तुझ्यावाचून मिळाला. खोक्यातल्या पुस्तिकेत, एकतिसाव्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत. बॅलन्सिंग सुरू होतं ३.४५ व्होल्टच्या वर. आणि तुमचा चार्जर थांबतो ३.३८ला. मी ते तीनदा वाचलं, मग बाबांकडून वाचून घेतलं. दवाखाना पाचव्या मजल्यावर आणि लिफ्ट चौथ्यापर्यंतच, असा हा प्रकार.

त्याच पानावर चार्जिंगची मर्यादा ३.५० छापलीय. म्हणजे पॅक आला तेव्हा ठाकठीक होता. चार्जिंगच्या शेवटी सगळे सेल ३.४५च्या पुढे जायचे, जे पुढे धावलेत त्यांची जास्तीची वीज त्या बारक्या रोधकांमधून ऊब होऊन निघून जायची आणि मागे राहिलेला त्यांना गाठायचा. रोज थोडं थोडं. चांगली रचना आहे. कुणाची ते मला माहीत आहे आणि मी ते चार लोकांत सांगितलंही आहे.

मग ३.५०चे ३.३८ कधी झाले? बाबांच्या मोबाइलवरचे जुने संदेश उघडले. नऊ ऑक्टोबर. ‘आपल्या बॅटरीचं आयुष्य वाढवण्यासाठी सुधारणा केली आहे. चार्जिंगची मर्यादा आपोआप कमी होईल.’ पुढे हसरा चेहरा. मर्यादा खाली आणली आणि बॅलन्सिंगचा आकडा वरच विसरला. ऑक्टोबरपासून आमच्या पॅकमध्ये एक दिवसही बॅलन्सिंग झालेलं नाही. रोज चार्जिंग संपताना मी त्या रोधकांजवळ बोट नेऊन पाहते. गार असतात.

आमचा सहावा सेल जरा गळका आहे. रांगेत असा एखादा असतोच. रोज वर आणत राहिलं तर तोही वर्षानुवर्षं चालतो. चार महिने त्याच्याकडे कुणी पाहिलंच नाही.

फोरमनकडून एकट्या सेलला लावता येतो असा चार्जर आणला आणि सहाव्याला पाच अँपिअरने पाच तास भरलं. मी शेजारी स्टुलावर बसून. बाबा म्हणाले, ‘माझ्या उशाशी तरी इतकी बसली होतीस का?’ बसले होते, ते त्यांना माहीत आहे. संध्याकाळी आठही सेल एका रेषेत आले. पुन्हा हीटर लावला, तीन तास पन्नास मिनिटं चालला.

पण हा इलाज झाला, उत्तर नाही. दोन आठवड्यांत सहावा पुन्हा मागे पडेल.

आणखी एक सांगते. तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी तुझं नाव ऐकूनच दवाखान्यासाठी हाच पॅक घेतला होता. औषधांचा फ्रिज त्यावर असतो, आणि दम्याच्या मुलांचं वाफेचं यंत्र. मी मोजू का म्हणून विचारलं. त्यांचा तिसरा सेल बसलाय. त्या म्हणाल्या, ‘दोनदा आतली औषधं टाकून द्यावी लागली. मला वाटलं फ्रिजचं दार नीट लागत नाही. मी उगाच पोरींना ओरडले.’

एका पॅकमध्ये एक सेल बसला, तर तो त्या सेलचा दोष. दोन पॅकमध्ये दोन वेगळे सेल बसले आणि दोघांची तारीख एकच, तर सेलला बोल लावू नये.

त्या नऊ ऑक्टोबरच्या सुधारणेवर सही कुणाची होती, एवढंच कळव.

आई


९ मार्च

चिरंजीव,

तू कळवलं नाहीस. माणूस पाठवलास. किंवा तू नाही, तुझ्या कंपनीने पाठवला. तुला ठाऊक होतं की नव्हतं ते तूच जाण.

काल सकाळी अकराला आला. टापटीप कपडे, हातात नवा पॅक, काखेत फाईल. मला काकू म्हणाला. बाबांच्या तब्येतीची चौकशी केली, खिडकीतल्या कुंड्यांचं कौतुक केलं. मग फाईलमधून एक कागद काढला.

‘काकू, जुना पॅक आम्ही घेऊन जातो, हा नवा तुमचा. इथे एक सही करा.’

मी चष्मा लावला. त्याला वाटलं असावं, म्हातारी सहीची जागा शोधतेय. मी पहिल्या ओळीपासून वाचलं. जुना पॅक मी उघडल्यामुळे बिघडला. माझी काही तक्रार नाही. मी याबाबत कुणाशीही, लेखी वा तोंडी, बोलणार नाही.

‘पॅक मी अकरा फेब्रुवारीला उघडला,’ मी म्हटलं. ‘तो बंद पडला तीस जानेवारीला. हा कागद उलटा चालतोय.’

तो हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, ‘काकू, हॉस्पिटलच्या कागदावर लिहिलंय की रुग्ण घरात एकटा सापडला. हे प्रकरण वाढलं तर तेही निघेल. तुम्हालाच त्रास. तुमच्या मुलालाही.’ तो कागद तक्रारीसोबत मीच मदत केंद्राला पाठवला होता.

आता तुला सांगायला हवं. त्या माणसाला माहीत आहे आणि तुला नाही, हे मला चालणार नाही.

बाबांचा घसा बसलेला नव्हता. अकरा दिवस ते हॉस्पिटलमध्ये होते. पहिलं पत्र मी तिथल्या बाकावर बसून लिहिलं.

तीस तारखेला एक वाजता वीज गेली. दोन वाजता पॅकवर बहात्तर टक्के होते. माझ्या चष्म्याची दांडी मोडली होती, आठवडाभर दोऱ्याने बांधून वापरत होते. बाबा म्हणाले, जाऊन ये, मी काय पळून जातोय. मी हिशेब केला, बहात्तर टक्के म्हणजे अजून तीन तास. मी गेले. चष्मेवाल्याकडे गर्दी होती, मी थांबले. परत आले तेव्हा तीन पस्तीस झाले होते. जिन्यातच मला जाणवलं की मशीनचा आवाज येत नाहीये. तो आवाज दिवसभर डोक्यात असतो, नसला की लगेच कळतो. बाबा जमिनीवर होते, छोट्या सिलिंडरजवळ. तिथपर्यंत ते पोचले होते. वरची चावी त्यांना फिरवता आली नव्हती. ओठ निळे पडले होते. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि चावीकडे बोट दाखवलं. मी फिरवली आणि मग ओरडून डॉक्टरीणबाईंना बोलावलं. मोबाइल पलंगावर होता, त्यावर एक्केचाळीस टक्के.

ती चावी मी घट्ट केली होती. आपल्या हाताच्या जोराने. त्यांच्या हातात किती जोर उरलाय याचा विचार केला नव्हता.

हे तुला लपवलं, कारण तीन वर्षांपूर्वी तू या खोलीत उभा राहून म्हणाला होतास, ‘घर विकून माझ्याजवळ या, नाहीतर तुझ्या हट्टापायी बाबा जातील.’ तुला ते खरं ठरल्यासारखं वाटू नये म्हणून मी गप्प राहिले. बाबांनाही गप्प राहायला लावलं. ही माझी दुसरी चूक.

त्या माणसाला मी म्हटलं, ‘मी बाहेर गेले होते. ते लिहिलेलं खरं आहे आणि कुणी विचारलं तर मीच सांगेन, तुम्हाला काढावं लागणार नाही. तो माझा दोष, माझ्याकडे राहू दे. त्याच्याआड तुमचा दोष बसवायला मी जागा देणार नाही.’

त्याने कागद परत फाईलमध्ये ठेवला. मग म्हणाला, ‘नवा पॅक तरी ठेवून घ्या.’

‘यातही चार्जिंग ३.३८लाच थांबतं ना?’

त्याला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं, चेहऱ्यावरून दिसलं. पॅक उचलून तो खाली गेला. जिन्यात दोनदा टेकला. मला वाईटही वाटलं. पाणी विचारायचं राहून गेलं.

आई


१२ मार्च

चिरंजीव,

काल तू फोन केलास. माझ्या फोनवर. वाजला तेव्हा मी तुझं नाव वाचून आधी बाबांना हाक मारली, त्यांच्यासाठीच असेल म्हणून.

आपण जे बोललो ते मी लिहून काढते आहे, म्हणजे नंतर कुणी वेगळं आठवायला नको.

तू म्हणालास, ‘बाबा अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये होते आणि तू मला कळवलं नाहीस.’ मी म्हटलं, नाही कळवलं, चुकलं. तू भांडायच्या तयारीत होतास, तुझी पंचाईत झाली. मग म्हणालास, ‘सही माझी आहे, आई.’

मला ते वाटलंच होतं.

तू सांगितलंस की चाचणीत नवे सेल वापरले होते, नवे सेल इतक्या लवकर मागेपुढे होत नाहीत, म्हणून चूक दिसली नाही. डिसेंबरमध्ये तीन पॅक परत आले तेव्हा तुझ्या लक्षात आलं. तू वरच्यांना लेखी दिलंस. ते म्हणाले, जूनच्या सुधारणेत घालू, आता गाजावाजा नको.

‘मग तू काय केलंस?’ मी विचारलं.

‘लेखी दिलं ना.’

‘त्यानंतर?’

‘त्यानंतर काही नाही.’

मी विचारलं, असे पॅक किती घरांत आहेत. तू म्हणालास, चार हजार दोनशे. त्यातल्या किती जणांचा श्वास त्यावर चालतो? तू म्हणालास, तशी नोंद आम्ही ठेवत नाही. एक्स्चेंजमध्ये मी एकेका सेलची नोंद ठेवायचे, आणि त्यांच्यावर कुणाचा जीव नव्हता, नुसते फोन होते.

मग तू म्हणालास, ‘जूनपर्यंत थांब. मी स्वतः करून घेतो. आत्ता बोललीस तर मला काढून टाकतील. सगळं माझ्यावर ढकलतील. तू मला संपवते आहेस.’

यावर मी काल काही बोलले नाही, कारण माझा आवाज फुटला असता आणि तुला वाटलं असतं, आई विरघळली. आज लिहिते.

मी थांबणार नाही. उरलेला मार्च, एप्रिल, मे म्हणजे ऐंशी दुपारी. तीस जानेवारीच्या दुपारी मी वीस मिनिटं उशिरा पोचले. त्या चार हजार घरांत कोण किती उशिरा पोचेल ते तुला माहीत नाही आणि मलाही नाही.

माझ्या वहीतल्या महिनाभराच्या नोंदी फोरमनने टाईप करून दिल्या आहेत. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या पॅकचे आकडे आणि फ्रिजच्या तापमानाच्या तारखा जोडल्या आहेत. पहिल्याच पानावर मी लिहिलंय की त्या दिवशी मी घरी नव्हते. ग्राहक सुरक्षा कार्यालयाचा पत्ता घातलेलं पाकीट टेबलावर आहे. सोमवारी, अठरा तारखेला, सकाळी दहाला मी ते पोस्टात देणार.

तुझं नाव त्यात मी लिहिलेलं नाही. पण सहीचा कागद ते मागवतील आणि नाव निघेल. हे माहीत असूनही मी पाठवते आहे. माझ्याकडून नकळत झालं, असं नंतर म्हणणार नाही.

हे पत्र तुला गुरुवारी मिळेल. म्हणजे तुझ्या हातात चार दिवस आहेत. तुझी चूक तू आधी सांगितलीस तर ती चूकच राहील. मी आधी सांगितली तर तिला वेगळं नाव पडेल. तू लहानपणी काच फोडून स्वतः येऊन सांगणारा मुलगा नव्हतास, हे मला माहीत आहे. पण आता अडतीस वर्षांचा आहेस.

बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘पाठव.’ मग थोड्या वेळाने म्हणाले, ‘जेवला असेल का तो?’

आई


२ एप्रिल

चिरंजीव,

बरेच दिवस लिहिलं नाही. तुझा फोन येत होता आणि फोनवर आपण दोघंही फक्त बाबांचं पथ्य आणि तुझी झोप एवढंच बोलत होतो. उरलेलं इथे.

रविवारी, सतरा तारखेला, दुपारी चार वाजता तुझा संदेश आला. बाबांच्या मोबाइलवर आणि त्याच वेळी खाली डॉक्टरीणबाईंच्या. बाबांनी तो मोठ्याने वाचला. नाकात नळी असताना त्यांना एका दमात दोनच ओळी वाचता येतात, त्यामुळे मला तो फार सावकाश ऐकायला मिळाला. ‘ऑक्टोबरमधल्या आमच्या सुधारणेमुळे पॅकमधलं बॅलन्सिंग बंद पडलं आहे. टक्केवारी शिल्लक दिसत असतानाही पॅक अचानक बंद पडू शकतो. ज्यांचं वैद्यकीय उपकरण यावर चालतं त्यांनी दुसरी सोय हाताशी ठेवावी. त्या सुधारणेवर सही माझी होती.’ खाली तुझं पूर्ण नाव. हसरा चेहरा नव्हता.

बाबांनी मोबाइल उलटा ठेवला आणि म्हणाले, ‘आता पोस्टात जायची गरज आहे का?’

मी सोमवारी दहा वाजता पोस्टात गेले. डॉक्टरीणबाईंकडची परिचारिका बाबांजवळ बसली होती, आणि सिलिंडरची चावी आता दोन बोटांनी फिरते एवढीच घट्ट असते. पाकिटात मी तुझा संदेश छापून शेवटचं पान म्हणून जोडला. बाकी एक पानही काढलं नाही. तू खरं सांगितलंस, पण तुझ्या वरच्यांनी डिसेंबरपासून काय केलं ते त्या संदेशात नाही. ते तू एकट्याने अंगावर घ्यायचं कारण नाही.

तुला त्यांनी मंगळवारीच काढलं, हे सूनबाईकडून कळलं. ती रडत होती आणि चिडलेली होती. ‘मिळालं का तुम्हाला समाधान?’ म्हणाली. मी तिला गप्प केलं नाही. तिचा तो हक्क आहे. मी एवढंच म्हटलं की समाधान नाही मिळालं, झोप लागते आता. ती म्हणाली, ‘यांनाही लागते. डिसेंबरपासून पहिल्यांदा.’ आणि फोन ठेवला. तिने हे मला सांगायचं म्हणून सांगितलं की चुकून, ते कळलं नाही.

माफी मागायला हे पत्र नाही. तू मागितलीस तरी मी म्हणणार नाही की माझं चुकलं. मी तुझी नोकरी घालवली असं शेजारीपाजारी कुजबुजतात. कुजबुजू देत. फोरमनने दुकानाबाहेर पाटी लावलीय, ‘पांढरे पॅक तपासून मिळतील’, आणि मी आठवड्यातून तीन सकाळी तिच्याकडे मीटर घेऊन बसते. आतापर्यंत एकोणीस आले. त्यातले अकरा बसलेले होते. एक लहान मुलाच्या श्वासाच्या मशीनचा होता. त्याच्या बापाने आकडे पाहिले आणि तो माझ्या शेजारी बाकावर बसून राहिला.

नवी सुधारणा चोवीस तारखेला आली. कुणी केली कोण जाणे, पण नीट केलीय. मर्यादा परत ३.५०. पहिल्या दिवशी सहावा सेल हललाही नाही. सहाव्या दिवशी इतरांच्या बरोबरीला आला. रोधक कोमट लागले.

आता महत्त्वाचं. सुरक्षा कार्यालयाचं बोलावणं आलंय. सोळा एप्रिल, सकाळी अकरा, तिसरा मजला. त्यांनी साक्षीदारांची यादी जोडलीय. त्यात मी आहे, डॉक्टरीणबाई आहेत, तो फाईलवाला माणूस आहे, आणि तू आहेस. मी तक्रारदारांच्या बाजूला, तू कंपनीच्या, काढलं असलं तरी सही तिथे केलीस म्हणून. टेबलाच्या दोन टोकांना.

ते मला विचारतील, मी सांगेन. तुझ्याबद्दल विचारलं तरी सांगेन, काही गाळणार नाही. मी कुठे होते हे विचारलं तर तेही. तू मला मध्येच तोडायला जाऊ नकोस, आणि माझ्याकडे पाहून उत्तरं मवाळ करू नकोस. डिसेंबरमधलं ते लेखी पत्र बरोबर आण. मूळ प्रत आण, छापलेली नको.

त्या इमारतीच्या दारासमोर एक बाकडं आहे, मी पाहून आलेय. माझं आधी संपेल, बहुतेक एकपर्यंत. तुझं चालू दे निवांत. मी त्या बाकड्यावर थांबते. मग घरी बरोबर जाऊ.

आई